खेड्यात परत या म्हणता. पण कोणाच्या एकरावर?

शहरांतील सुखवस्तू मंडळींस अलीकडे मातीचा मोठा कळवळा आला आहे. कोणी व्याख्यानांतून सांगतो, कोणी वर्तमानपत्रांतून लिहितो, की शहराची हवा घाण, पाणी विकतचे, खोलीचे भाडे परवडत नाही, शेजारी शेजाऱ्यास ओळखत नाही. तेव्हा कष्टकऱ्यांनी शहाणपणाने गाव गाठावे, चार वाफे लावावे, घरचे पिकवावे, घरचे खावे आणि सुखी असावे. उपदेश कानास गोड आहे. परंतु ज्या उपदेशापायी उपदेशकास एक पैचीही झीज सोसावी लागत नाही, त्याची परीक्षा शेतकऱ्याने दोनदा करावी. उंटावरून शेळ्या हाकणारे जगात थोडे नाहीत. आमच्या धाराशिव जिल्ह्याच्या शेळ्या तर नामांकित. उस्मानाबादी जात म्हणून देशभर त्यांस मागणी आहे. पण ती शेळी पाळणाऱ्या बाईस विचारा. ती सांगेल की शेळी हाकावयाची तर बोरी-बाभळींतून पायी चालावे लागते, आणि करडू आजारी पडले तर रात्र जागून काढावी लागते.

आमचा पक्ष वाचकांनी आरंभीच नीट समजून घ्यावा. शहर सोडून गावी येऊन अन्न पिकविण्याच्या आम्ही विरुद्ध नाही. अन्न पिकविणे ह्यासारखा प्रामाणिक धंदा दुसरा नाही, असे आम्ही मानतो. ज्या घरात स्वतःच्या कष्टाची जोंधळ्याची कणगी भरलेली आहे, त्या घरास सावकार, व्यापारी व पुढारी ह्या तिघांपुढेही मान ताठ ठेवता येते. आमचे भांडण एवढेच आहे की, गावी या असे म्हणणाऱ्यांनी तीन प्रश्नांची उत्तरे आधी द्यावी. कोणत्या जमिनीवर यावे? येऊन काय पेरावे? आणि त्या जमिनीच्या सातबाऱ्यावर नाव कोणाचे असावे? ह्या तीन प्रश्नांवाचून केलेला उपदेश म्हणजे उपाश्यास पंगतीचे नुसते वर्णन ऐकविणे होय.

आता आमचा माणूस शहरात गेला तो कशाकरिता, हे पाहू. हौसेने गेला नाही. बालाघाटाचे माळरान, हलकी मुरमाड जमीन, पावसाचा भरवसा नाही. त्यावर १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत निजामाची राजवट व गावोगावचे देशमुख-वतनदार. अशा स्थितीत ज्यांच्या पोटाला गावाने भाकरी दिली नाही, त्यांनी सरहद्द ओलांडून सोलापूर-बार्शी गाठले. सोलापूरची जुनी गिरणी १८७७ साली सुरू झाली. बार्शीची छोटी आगगाडी १८९७ पासून धावू लागली आणि १९११ पर्यंत येडशी-ढोकीवरून लातुरास पोहोचली. तिने आमच्या मुलखातून कापूस नेला आणि माणसेही नेली. पुढे १९७२ चा दुष्काळ पडला. रोजगार हमीच्या कामावर दगड फोडूनही ज्यांचे भागले नाही, त्यांनी पुण्या-मुंबईचा रस्ता धरला. आजही भूम, वाशी, कळंब भागांतील जोडपी दिवाळी सरली की कोयते घेऊन उसाच्या फडावर जातात. घराला कुलूप, म्हातारी माणसे दाराशी, आणि लेकरे कधी बरोबर तर कधी मागे. हा प्रवास शहराच्या मोहाचा म्हणणारा माणूस एकतर आंधळा असावा किंवा लबाड असावा.

बरे, गेलेल्यास शहराने कसे वागविले? शहरास आमचे हात पाहिजेत, माणूस नको. हे आजचे नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेगाची साथ आली तेव्हा लाखो लोकांनी मुंबई सोडून गावाची वाट धरली. ज्या गिरणीकामगारांच्या घामावर ती मुंबई उभी होती, त्यांच्या चाळींत न हवा न उजेड. त्या वेळी त्या चाळींत जाऊन रोग्यांची सेवा करणारे आमचे नारायण मेघाजी लोखंडे होते. ‘दीनबंधू’चे संपादक, ज्यांच्या चळवळीमुळे १० जून १८९० रोजी गिरणीकामगारांस रविवारची सुट्टी मंजूर झाली, ते लोखंडे त्याच प्लेगाने ९ फेब्रुवारी १८९७ रोजी गेले, आणि पुढच्याच महिन्यात, १० मार्चला, पुण्यास प्लेगाच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. कष्टकऱ्यांच्या आजारपणात कोण उभे राहते आणि कोण दार लावून घेते, हे तेव्हाच दिसून आले.

मग १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. हजारो कुटुंबे गावी परतली आणि गिरण्यांच्या जागी पुढे उंच इमारती उभ्या राहिल्या. आणि २४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता सांगण्यात आले की चार तासांनी सगळा देश बंद. ज्यांचे पोट रोजच्या रोजीवर, त्यांनी काय करावे, ह्याचा विचार त्या घोषणेत नव्हता. माणसे पायी निघाली. ८ मे २०२० च्या पहाटे आमच्याच मराठवाड्यात, जालन्याहून निघालेले मध्य प्रदेशचे मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले असता मालगाडीखाली सोळा जण गेले. उसाच्या फडांत अडकलेल्या तोडणी कामगारांस घरी जाऊ देण्याचा निर्णय व्हावयास एप्रिलचा मध्य उजाडला. तीन वेळचा हा अनुभव एकच गोष्ट सांगतो. काम असले तर शहर बोलाविते. संकट आले की गावाकडे बोट दाखविते. आणि त्या बोटास आता ‘निसर्गाकडे परत चला’ असे सुंदर नाव मिळाले आहे.

पण म्हणून गाव म्हणजे स्वर्ग, असेही कोणी समजू नये. खेड्याची आरती ओवाळणाऱ्यांत ज्यांस खेड्याच्या वेशीबाहेर राहावे लागले असा माणूस क्वचितच आढळेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना परिषदेत स्वच्छ सांगितले की खेडे हे संकुचितपणाचे, अज्ञानाचे व जातीयतेचे डबके आहे. आणि आपल्या लोकांस त्यांनी शहराची वाट दाखविली. ते उगीच नव्हे. ज्याला विहिरीवर पाणी मिळत नव्हते, त्याला शहराच्या नळावर निदान ओळीत उभे राहता आले. म्हणून परत या म्हणताना हेही सांगावे लागेल की परत येणाऱ्यास जुने गाव मिळणार की नवे? जुन्या गावात जुन्या पायरीवर बसण्याकरिता कोणी येऊ नये, आणि आम्ही तर कोणास बोलाविणार नाही.

आता दुसरा प्रश्न. येऊन काय पेरावे? येथे आम्हांस आमच्याच शेतकरी बंधूंशी दोन शब्द कडक बोलावयाचे आहेत. राग मानू नये. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे आपल्या जिल्ह्याची वस्ती १६ लाख ५७ हजार. त्यांत शंभरांतील त्र्याऐंशी माणसे खेड्यांत राहणारी. म्हणजे जिल्हा अन्न पिकविणाऱ्यांचा. तरी २०१५ साली राज्य सरकारास एक योजना काढावी लागली. मराठवाड्याचे आठ, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा, असे आत्महत्याग्रस्त चौदा जिल्हे निवडून तेथील केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांस दोन रुपये किलोने गहू व तीन रुपये किलोने तांदूळ द्यावयाचा असे ठरले. त्या चौदांत आपला जिल्हा होता. २०२३ पासून ते धान्यही बंद झाले आणि त्याऐवजी माणशी महिना दीडशे रुपये खात्यावर टाकण्याचे ठरले. वाचकहो, ह्यावर जरा थांबून विचार करा. शेतकऱ्याने शेत पेरावयाचे, माल बाजारात न्यावयाचा, आणि खाण्याकरिता सरकारच्या रोख पैशांची वाट पाहावयाची! ज्याच्या हाती पाभर त्याच्या घरी भाकर नाही, ही गोष्ट दुष्काळानेच घडली असे नाही; पिकाच्या निवडीनेही घडली.

पावसाळ्यात ह्या जिल्ह्याच्या कोणत्याही रस्त्याने जा, दोहों बाजूंस सोयाबीन. सोयाबीन पैसा देते, हे खरे. आम्ही ते नाकारीत नाही. पण तो पैसा कोणाच्या हातात? २०२१ च्या उन्हाळ्यात भाव दहा हजारांपर्यंत चढले. ऑगस्टात बारा लाख टन सोयापेंड बाहेरून आणण्यास परवानगी मिळाली, आणि आपला माल खळ्यावरून बाजारात पोहोचेतो भाव निम्म्यावर आला. २०२४ च्या हंगामास ४,८९२ रुपयांचा हमीभाव छापून आला. सुगीत बाजारात त्याच्या खालीच विकावे लागले. बी विकत, खत विकत, फवारणीचे औषध विकत, काढणी-मळणी रोखीने. आणि भाव मात्र दुसऱ्याच्या मर्जीचा. बरे, भाव पडला तर सोयाबीन घरी शिजवून खाता येते काय? त्याची भाकरी होत नाही, त्याचा कडबा बैलास होत नाही. शाळू मागे हटला तशी गोठ्यातली वैरण गेली, वैरण गेली तशी जनावरे गेली, जनावरे गेली तसे शेणखत गेले, आणि खत विकत आणावे लागले. उसाचे तर काय सांगावे! ज्या मराठवाड्यातल्या लातुरास २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीने पिण्याचे पाणी आणावे लागले, त्याच मुलखात वर्षभर पाणी पिणारे पीक आम्ही प्रतिष्ठेचे मानतो.

ह्यावर तोड कोणी काढली? मोठ्या पुढाऱ्यांनी नव्हे, विद्यापीठांनी नव्हे. आपल्याच जिल्ह्याच्या बायांनी काढली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावेच्या गावे ढिगाऱ्याखाली गेली. घरे पुन्हा उभारण्याच्या कामात गावोगावच्या बायका संवाद सहायक म्हणून पुढे आल्या. त्या कामातून प्रेमा गोपालन यांची ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ही संस्था वाढली. पुढे दुष्काळ पाठीशी लागला तेव्हा ह्याच बायांनी एक साधी गोष्ट केली. घरच्या जमिनीतला अर्धा एकर, फार तर एक एकर, त्यांनी घरच्या पुरुषाकडे मागून घेतला आणि सांगितले की ह्या तुकड्यावर काय पेरावयाचे ते आम्ही ठरवू. ह्यास ‘एक एकर शेती’ असे नाव पडले. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे २०१६ चे इक्वेटर पारितोषिक ह्या संस्थेस मिळाले. पण पारितोषिकाहून आम्हांस तो एकर मोठा वाटतो.

त्या एकराची रीत नवी नाही. आजीच्या काळची आहे, थोडी सुधारलेली. एकाच पिकावर सगळा डाव लावावयाचा नाही. पावसाळ्यात मूग, उडीद, तूर, मका, बाजरी, तीळ. बांधाला अंबाडी व कारळे. हिवाळ्यात शाळू, हरभरा, करडई, जवस. मधल्या वाफ्यांत मेथी, शेपू, चुका, गवार, दोडका, वांगी. मूग-उडीद दोन-अडीच महिन्यांत घरात येतो. त्याने शेंगवर्गाचे खतही जमिनीस मिळते. पाऊस लांबला तर मूग जाईल पण तूर तग धरील. पाऊस फार झाला तर दुसरे काही वाचेल. बी घरचे राखलेले, खत शेणाचे व गांडुळांचे, फवारणी निंबोळीच्या अर्काची. जोडीला दोन शेळ्या व पाच-दहा कोंबड्या. माळव्यातून आठवड्याच्या बाजाराला चार पैसे बाईच्या हातात येतात, आणि ते लेकराच्या वहीला व घरातल्या औषधाला जातात.

ह्यावर शंका घेणारे विचारतील, एका एकरात घर चालते काय? आम्ही वाचकांस फसविणार नाही. पाच माणसांच्या घरात दिवसास दोन किलो धान्य धरले तर वर्षास सात क्विंटलांहून अधिक लागते. कोरडवाहू एकरात हे सगळे निघत नाही, आणि निघते असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. परंतु डाळ निघते, भाजी निघते, थोडे तेल निघते, भाकरीचा मोठा वाटा निघतो. म्हणजे दुकानदाराचे जे खाते दर महिन्यास वाढते, ते निम्म्यावर येते. उरलेल्या शेतात सोयाबीन पेरावयाचे असेल तर खुशाल पेरा. पण पहिला एकर चुलीचा, बाकीचा बाजाराचा, हा क्रम ठेवा. शरद जोशी ह्यांच्यासारख्या, शेतीमालाच्या भावाकरिता उभा जन्म लढलेल्या पुढाऱ्यानेही १९९१ च्या सुमारास ‘सीताशेती’ म्हणून बायकांच्या हातच्या, घरच्या अन्नाच्या शेतीचा कार्यक्रम शेतकऱ्यांपुढे ठेवला होता. भावाकरिता भांडणे आणि पोटाकरिता पिकविणे ह्यांत विरोध नाही. उलट ज्याच्या घरी कणगी भरलेली, तोच भाव पडला असता माल थोपवून धरू शकतो.

आता आम्ही मुद्द्याच्या मुळाशी आलो. शहरातून पोरगा परत येतो. काम सुटलेले, खोलीचे भाडे थकलेले, मन खचलेले. त्याला पहिली भाकरी कोण घालते? ज्या आईने किंवा ज्या बायकोने तो अर्धा एकर राखला, तीच घालते. पण चार दिवस गेले, अंगात रग आली, की तोच पोरगा बांधावर उभा राहून म्हणतो, ‘हे काय खुळ लावले आहे? एवढ्यात बोअर मारून ऊस लावू. नाहीतर रस्त्याकडेचा तुकडा आहे, प्लॉट पाडून विकू.’ आणि बाई काय बोलणार? सातबाऱ्यावर नाव सासऱ्याचे, नाहीतर दिराचे, त्यापुढे ‘एकत्र कुटुंब’ म्हणून शिक्का. तिने दहा वर्षे शेणखत घालून काळी केलेली माती एका सहीने जाते, आणि ती सही तिची नसते. आयत्या बिळावर नागोबा अशी म्हण आहे. पण येथे नागोबा आपलाच पोर निघतो, म्हणून कोणी बोलत नाही. आम्ही बोलतो. शहराने ज्याला हाकलले त्याने घरी येऊन घरच्या बाईस शेतातून हाकलावे, ह्याला परत येणे म्हणत नाहीत. त्याच्यावर जो अन्याय झाला तोच तो पुढे ढकलतो आहे.

देशात जमीन कसणाऱ्या खातेदारांत बायका शंभरांत चौदा, असे २०१५-१६ ची कृषिगणना सांगते. खुरपणारी कोण, वेचणारी कोण, मळणीला पाठ वाकविणारी कोण, हे पाहावयास मात्र गणना लागत नाही. कोणत्याही शिवारात जाऊन उघड्या डोळ्यांनी पाहावे. कागदावर नाव नाही म्हणून बँकेचे कर्ज तिला नाही, पीकविमा तिच्या नावे नाही, पूर आला तर भरपाई तिच्या खात्यावर नाही. २०२५ च्या सप्टेंबरात भूम-परंड्याकडे पुराने शेते खरवडून नेली. माती गेली ती सगळ्यांची गेली. पण पंचनाम्यात ज्याचे नाव त्याचीच ती गेली असे धरले जाते. २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणाने जमीन कसणारा, मजूर, कूळ, सगळ्यांस शेतकरी म्हटले. ते धोरण छापील राहिले; तलाठ्याच्या दप्तरात अजूनही शेतकरी म्हणजे ज्याचे सातबाऱ्यावर नाव तोच.

कायदा आपल्या बाजूने नाही असे मुळीच नाही. महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली लेकीस लेकाबरोबर वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः वाटा दिला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकले की बाप २००५ पूर्वी वारला असला तरी लेकीचा वाटा बुडत नाही. पण आपण काय करतो? राखी बांधून घेतो, साडी देतो, आणि हक्कसोडपत्रावर सही घेतो. बायकोच्या बाबतीतही वाट आहे. १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली, आणि हजारो शेतकऱ्यांनी आपखुशीने बायकोचे नाव जमिनीस लावले. पुढे शासनानेही सातबाऱ्यावर पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय केली. नवऱ्याचा अर्ज लागतो, एवढेच. वाटणी करून द्यावयाची तर जमीन महसूल कायद्याच्या ८५ व्या कलमाखाली तहसीलदाराकडे अर्ज देता येतो. जे काम एका कागदाने होते ते पिढ्यान्पिढ्या होत नाही, तेव्हा अडचण कायद्याची नसून आपल्या मनाची आहे, हे कबूल केले पाहिजे.

राहिला पहिला प्रश्न, आणि तो कारागीर व भूमिहीन घरांचा. सुतार, लोहार, कुंभार, मांग, महार, पारधी ह्या घरांतली पोरे शहरातून परत आली तर त्यांनी कोणत्या एकरावर जावे? कूळकायदा असा आहे की जो शेतकरी नाही, शेतमजूरही नाही, त्यास परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही. म्हणजे ज्या लोहाराच्या आजाने सगळ्या गावाचे फाळ शेवटले, त्याच्या नातवास गावात वांग्याचे रोप लावावयास हात भर जमीन नाही. मराठवाड्यातल्या भूमिहीनांनी १९५९ साली दादासाहेब गायकवाडांच्या पुढारपणाखाली जमिनीकरिता तुरुंग भरले. पडीक गायराने त्यांनी दगड वेचून, बांध घालून कसती केली. २८ नोव्हेंबर १९९१ च्या सरकारी निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी कसणूक नियमित करावयाची ठरले. तरी कित्येक घरांच्या नावे आजही उतारा नाही. कसणारा तिसऱ्या पिढीचा आणि कागदावर तो अतिक्रमणदार. शहरवासी उपदेशकांस आमची विनंती आहे की, मातीचे गोडवे गाण्याआधी त्यांनी ह्या गायरानधारकांच्या बाजूने एकदा तरी तहसील कचेरीत येऊन उभे राहावे. मग त्यांचे व्याख्यान आम्ही पहिल्या रांगेत बसून ऐकू.

सरकारकडे आमचे मागणे मोजके आहे. २०१८ साली देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांत ह्या जिल्ह्याचे नाव घातले. नाव बदलून २०२३ साली उस्मानाबादचे धाराशिवही झाले. नावाने कोणाचे पोट भरत नाही. कसती गायराने नावे करा. हमीभावात ज्वारी, तूर, हरभरा वेळेवर घ्या, म्हणजे अन्न पिकविणारा तोट्यात जाणार नाही. पंचनाम्यात, विम्यात, कर्जात कसणाऱ्या बाईचे नाव घाला. आणि चौदा जिल्ह्यांच्या शेतकऱ्यांस महिन्याचे चार पैसे देऊन हात झटकू नका.

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, सरकार करील तेव्हा करील. आपल्या हातातले काम आपण ह्या हंगामाआधी करावे. ज्या घरात दोन एकर आहेत त्याने एक एकर, ज्याच्या घरी एक आहे त्याने अर्धा, चुलीसाठी बाजूस काढावा. तो कोणता, हे घरातल्या बाईने ठरवावे. उरलेला, पाण्याविना पडलेला, बांधाकडेचा खडक तिला देऊ नये. शहरातून परत येणाऱ्या लेकास साफ सांगावे की, बाबा, ये. घर तुझे आहे. पण ह्या एकरावर तू तुझ्या आईच्या हाताखाली काम करशील. तिला मूग कधी पेरावा, बी कसे राखावे, कोणत्या ढगाला भ्यावे हे ठाऊक आहे, आणि तुला ते शिकावयाचे आहे. जो हे कबूल करील तो गावात टिकेल; जो करणार नाही तो चार वर्षांत जमीन विकून पुन्हा त्याच खोलीच्या दारात उभा राहील, आणि मग परत यावयास गावही उरणार नाही.

आणि घरधन्यांनो, अक्षय्यतृतीयेला मडके पुजता, पोळ्याला बैल पुजता, ते सुखाने करा. पण ह्या वर्षी पोळ्याच्या आधी एकदा तलाठ्याच्या कचेरीत जा. अर्ज कसा लिहावा हे कळत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीकडून लिहवून घ्या. त्यात बायकोचे नाव पूर्ण लिहा, तिच्या बापाच्या नावासह, म्हणजे उद्या कोणी दुसरीच बाई उभी करणार नाही. फेरफाराचा नंबर टिपून ठेवा, आणि नोंद मंजूर होऊन नवा उतारा हाती येईपर्यंत खेटे घालणे सोडू नका.